दुसरी वेलांटी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात माझ्या नणंदेच्या निधनाची बातमी आली. चार ओळींची. त्यात 'प्रदिर्घ आजाराने निधन' असं छापलं आहे. ते 'प्रदीर्घ' हवं. 'द'ला दुसरी वेलांटी.

एवढ्या चुकीसाठी कुणी संपादकांना पत्र लिहीत नाही, हे मला कळतं. पण जिची ही बातमी आहे, तिने एकतीस वर्षं मुद्रितशोधनाचं काम केलं. पुस्तकं, मासिकं, परीक्षेच्या प्रश्नपत्रिका, लग्नपत्रिकासुद्धा. तिच्या हाताखालून गेलेली पानं मोजायची म्हटली तर मोजता येणार नाहीत, आणि त्यातल्या एकाही पानावर तिचं नाव नाही. प्रुफं तपासणाऱ्याचं नाव कुणी छापत नाही. तिचं नाव पहिल्यांदा छापून आलं ते या बातमीत, आणि त्याच बातमीत वेलांटी चुकली. मला ते पाहवलं नाही. म्हणून लिहायला बसले, आणि बसल्यावर लक्षात आलं की सांगायचं बरंच आहे.

ती माझी मैत्रीण आधी होती, नणंद नंतर झाली. आठवीत आम्ही एका बाकावर बसायचो. माझा निबंध बाईंकडे जाण्याआधी तिच्याकडे जायचा. ती पेन्सिलीने हलकेच खुणा करायची, म्हणजे मला त्या खोडून दुरुस्त करता याव्यात आणि बाईंना कळू नये. पुढे तिच्या भावाशी माझं लग्न झालं. लोक म्हणायचे, मैत्रिणीची नणंद झाली की मैत्री टिकत नाही. आमचं तसं काही झालं नाही. तिने लग्न केलं नाही. काही वर्षं ती वेगळी राहिली, आजारपणात आमच्याकडे आली. माझ्या मुलांना अक्षरओळख तिने करून दिली. माझ्या मुलीचं अक्षर आजही आत्यासारखं आहे, 'श' तर हुबेहूब.

तिचं काम जवळून पाहायला मिळालं कारण त्यात मी तिची जोडीदार होते. प्रूफ नीट तपासायचं तर दोघं लागतात. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने प्रुफावरून नजर हलवायची नाही. मुलं झोपली की आम्ही दोघी दिव्याखाली बसायचो. मी वाचत जायची, "तिने दार उघडले, पूर्णविराम. नवा परिच्छेद. अवतरण चिन्ह सुरू, कोण आहे, प्रश्नचिन्ह, अवतरण पूर्ण." नाटकासारखं वाचलेलं तिला चालायचं नाही. "भाव नको घालूस गं," म्हणायची, "भाव घातलास की मी गोष्ट ऐकायला लागते आणि चुका सुटतात." मग मी सपाट आवाजात वाचायची. अशी कितीतरी पुस्तकं आम्ही दोघींनी वाचली, एकाही पुस्तकात न रमता.

आजाराची पहिली खूण तिनेच पकडली. एका संध्याकाळी मला म्हणाली, "माझा 'ळ' बिघडलाय." मला काहीच वेगळं ऐकू आलं नव्हतं. तिने 'कमळ, वेळ, काळ' असं दोन-तीनदा म्हणून दाखवलं. जीभ वर वळायला उशीर करत होती, म्हणून 'ळ' जाड येत होता. पुढच्या महिन्यात 'ट', 'ड', 'ण' गेले. मग आम्ही दवाखान्यांच्या वाऱ्या सुरू केल्या. दात तपासले, घसा तपासला. एका डॉक्टरांनी ताण आहे म्हणून सांगितलं, एकांनी वयावर ढकललं. एमआरआय स्वच्छ आला, तेव्हा आम्हाला सुटल्यासारखं वाटलं. या आजारात तो बऱ्याचदा तसाच येतो, हे नंतर कळलं. नवव्या महिन्यात मज्जाविकारतज्ज्ञांनी स्नायूंची ईएमजी तपासणी केली आणि नाव सांगितलं : मोटर न्यूरॉन डिसीज, त्यातला ए.एल.एस. हा प्रकार.

आपल्या बातमीत 'प्रदीर्घ आजार' म्हटलंय. आम्हीच तसं लिहून दिलं होतं, दोष आपला नाही. पण आता वाटतं, नाव द्यायला हवं होतं. कुठल्या तरी घरात आज कुणाचा तरी 'ळ' बिघडला असेल. या आजारात मेंदूकडून आणि मज्जारज्जूकडून स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या पेशी मरत जातात. हुकूम आला नाही की स्नायू वाळतो. कुणाच्या हातापायापासून सुरू होतं, साधारण चौघांत एकाचं बोलण्या-गिळण्यापासून. रिलुझोल नावाची गोळी आहे, ती आजार थांबवत नाही, थोडे महिने पुढे ढकलते. बहुतेकांना पहिल्या लक्षणापासून दोन ते पाच वर्षं मिळतात. तिला तीन वर्षं दोन महिने मिळाले.

भेटायला येणारा प्रत्येक जण स्टीफन हॉकिंग यांचं उदाहरण द्यायचा. खरं आहे ते. त्यांना १९६३ साली एकविसाव्या वर्षी निदान झालं, दोनच वर्षं हातात आहेत असं सांगितलं गेलं, आणि ते २०१८ साली शहात्तराव्या वर्षी गेले. लोक चांगल्या मनाने सांगायचे. पण दहा वर्षांपुढे जाणारे दहांत एखादाच असतात, आणि ती उरलेल्या नवांतली निघाली तर तिचं काही चुकलं, असा त्याचा अर्थ व्हायचा. एकदा असे पाहुणे गेल्यावर तिने वहीत लिहिलं, "मला हॉकिंग नाही व्हायचं. मला उरलेलं पुस्तक संपवायचंय." एका पुस्तकाची प्रुफं तेव्हा तिच्याकडे होती. ती तिने संपवली. शेवटच्या काही पानांवरच्या खुणा थरथरत्या आहेत, पण एकही चुकीच्या जागी नाही.

माझ्या पत्राचा खरा विषय पुढेच आहे.

बोलणं आधी गेलं, हात वर्षभर टिकले. त्या वर्षात तिने एक पान तयार केलं होतं. त्यावर सगळी व्यंजनं वर्गवार मांडलेली. जे अक्षर तोंडातून नीट निघेना, त्यावर ती पेन्सिलीने तिरपी रेघ मारायची, बाजूला तारीख टाकायची. मला ते पान बघवायचं नाही. मी एकदा म्हटलं, "कशाला करतेस हे?" तिने लिहिलं, "प्रूफ आहे. खुणा करायलाच हव्यात." सगळ्यात शेवटी 'म' राहिला. जीभ लागत नाही त्याला, ओठ मिटले की होतो.

बोलणं संपल्यावर आम्हाला उपचार केंद्रातून एक तक्ता मिळाला. इंग्रजी अक्षरांचा. पेशंटने नजरेने एकेक अक्षर निवडायचं आणि मराठी शब्द रोमन अक्षरांत सांगायचा. हात चालत होते तोवर तो कपाटात पडून होता. मग एकदा सराव म्हणून काढला. तिला 'बाळ' म्हणायचं होतं. बी, ए, एल. मी 'बाल' वाचलं. तिने मान हलवली. 'मन' आणि 'मण' एकच. 'पाट' आणि 'पात' एकच. तिने वही ओढून घेतली आणि लिहिलं, "यात माझी भाषा मावत नाही." दुसऱ्या दिवशी सकाळी जाड पुठ्ठा मागितला, माझ्या नवऱ्याने फाइलचा कापून दिला, आणि थरथरत्या बोटांत काळा मार्कर धरून तीन दिवसांत तिने स्वतःचा तक्ता केला.

तो आता माझ्या समोर आहे. तिच्या अक्षरात. पहिली ओळ क ख ग घ ङ, दुसरी च छ ज झ ञ, तिसरी ट-वर्ग, चौथी त-वर्ग, पाचवी प-वर्ग, सहावी य र ल व श, सातवी ष स ह ळ. सातव्या ओळीत चारच अक्षरं होतात, म्हणून पाचव्या घरात तिने प्रुफातली 'काढून टाका'ची वळणदार खूण काढली. 'क्ष' आणि 'ज्ञ' नाहीत. ती जोडाक्षरं आहेत, त्यांना वेगळं घर कशाला, असं तिचं म्हणणं. त्याखाली स्वरांच्या दोन ओळी. आणि तळाला : काना, पहिली वेलांटी, दुसरी वेलांटी, पहिला उकार, दुसरा उकार, एक मात्रा, दोन मात्रा, काना-मात्रा, काना-दोन मात्रा, अनुस्वार, पाय मोडका.

वापरायचा कसा, तेही तिनेच ठरवलं. या आजारात डोळ्यांचे स्नायू बहुधा शेवटपर्यंत चालतात. नजर वर म्हणजे हो, डोळे मिटले म्हणजे नाही. मी विचारायची, "पहिली ओळ? दुसरी? तिसरी?" ती नजर वर करायची. मग त्या ओळीतलं पहिलं, दुसरं, तिसरं. नजर वर. अक्षर मिळालं. मग काना की वेलांटी. 'म' हे पंचविसावं व्यंजन. एकेक म्हणत गेलं तर पंचवीसदा विचारावं लागेल. ओळीने गेलं की पाच आणि पाच, दहा. चौतिसाव्या 'ळ'ला अकरा. 'क'ला दोन. आपली वर्णमाला घशापासून ओठांपर्यंत पाच-पाचांच्या ओळींत कुणीतरी फार पूर्वी मांडून ठेवली, ती माझ्या नणंदेच्या खोलीत अशी कामाला येईल, हे मला शाळेत पाठ करताना कुठे माहीत होतं. नजरेवर चालणारे संगणक आहेत, चांगले आहेत, ज्यांना जमेल त्यांनी जरूर घ्यावेत. पण पहाटे तीन वाजता अंधारात तिला काही सांगायचं असलं, तर मला तक्ताही लागायचा नाही. दिवा लावून तिच्या डोळ्यांकडे बघायचं आणि ओळी म्हणायच्या. तक्ता दोघींना पाठ होता.

आणि मी सपाट आवाजात वाचायची. तीच आमची जुनी जोडी, मी मोठ्याने म्हणणार, तिची नजर काम करणार.

सुरुवातीला मी एक चूक वारंवार केली. दोन अक्षरं मिळाली की पुढचा शब्द मीच पुरा करायची. वेळ वाचेल असं वाटायचं. तिला याचा संताप यायचा, डोळे घट्ट मिटून घ्यायची, ते मग उघडायचीच नाही. एकदा शांत झाल्यावर तिने जवळजवळ अर्धा तास घालवून मला एक वाक्य सांगितलं : "माझा शब्द तू संपवू नकोस." त्यानंतर मी अंदाज आला तरी विचारायची, "पुढचं सांगू का?" ती हो म्हणाली तरच सांगायची. घरात अशी व्यक्ती असेल त्यांनी एवढं जरूर पाळा. सगळं दुसऱ्याच्या हातात गेलेलं असतं. शब्द तेवढा स्वतःचा राहिलेला असतो.

ऱ्हस्व-दीर्घ ती शेवटपर्यंत सोडत नव्हती. मी म्हणायची, अगं कुठलीही वेलांटी चालेल, मला कळतंय. डोळे मिटून नाही. 'पाणी' मागताना घसा कोरडा पडलेला असायचा, तरी दुसरी वेलांटी येईपर्यंत थांबायची. पाणी पोटातल्या नळीतून द्यायचं, ओठांवर नुसता ओला बोळा फिरवायचा. पण मागायचं ते शुद्ध.

शेवटच्या महिन्यात छातीत कफ भरला म्हणून तिला एका रुग्णालयात अतिदक्षता विभागात ठेवावं लागलं. आम्हाला आत सोडत नव्हते. मी तक्ता आतल्या बाईंच्या हातात दिला, कसा वापरायचा तेही सांगितलं. त्यांनी "ठेवा पिशवीत, बघू" म्हटलं. त्यांच्यावर पेशंटांचा भार किती होता ते मी पाहिलंय, त्यांना नावं ठेवायला मी हे लिहीत नाही. सकाळी मला पाच मिनिटं भेटू दिलं. तिचे डोळे लाल होते. तक्ता पिशवीतच होता. मी ओळी म्हणायला लागले. पहिली ओळ, चौथं अक्षर, 'घ'. तिसरी ओळ, तिसरं, 'ड'. दुसरी वेलांटी. घडी.

मला वाटलं वेळ विचारतेय. म्हटलं, "सव्वासात झालेत." डोळे मिटले. पुन्हा घ, ड, दुसरी वेलांटी. मी घड्याळच दाखवलं. पुन्हा डोळे मिटले, आणि या वेळी कडेने पाणी आलं. मग तिने नजर खाली नेली, पायांकडे. मी चादर उचलली. तिच्या डाव्या टाचेखाली चादरीची जाड घडी पडली होती. रात्रभर टाच त्यावर होती. कातडी लाल-जांभळी झाली होती, मध्ये पांढरा वळ. हाताने सरळ करायला मला तीन सेकंद लागले. स्पर्श तिला पूर्ण कळत होता. या आजारात तो जात नाही. अकरा तास तिला ते कळत होतं, आणि दोन अक्षरं विचारणारं कुणी जवळ नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा 'घ' आला. मी लगेच टाचेखाली हात घातला. तिने डोळे मिटले. मी स्वतःला थांबवलं आणि पुढे विचारलं. सहावी ओळ, दुसरं अक्षर, 'र'. दुसरी वेलांटी.

घरी.

गळ्याला छिद्र पाडून श्वासाची नळी घालायची नाही, हे तिने खूप आधी, हात चालत होते तेव्हाच, तिच्या भावाला आणि डॉक्टरांना लिहून दिलं होतं. आता तिला विचारलं, तेव्हाही तेच. डॉक्टरांनी तिच्याशी तक्त्यावरून स्वतः बोलून खात्री करून घेतली, वीस मिनिटं उभे राहून. त्यांचे मी आभार मानते. आम्ही तिला घरी आणलं. ती आणखी सोळा दिवस होती. श्वास लागू नये, घाबरं होऊ नये यासाठी औषधं चालू होती. शेवटी झोपेतच श्वास मंदावत गेला. खोलीत तिचा भाऊ, मी आणि माझी मुलगी होतो. तक्ता पलंगावर होता. आदल्या संध्याकाळचा तिचा शेवटचा पूर्ण शब्द मला ठाऊक आहे, पण तो मुलीसाठी होता. तो इथे लिहीत नाही.

तिचा आवाज मात्र आमच्याकडे जवळजवळ नाही. याची खंत मला फार आहे. असा आजार कळला की बोलणं शाबूत असतानाच आवाज ध्वनिमुद्रित करून ठेवतात, पुढे त्याच आवाजात संगणक बोलू शकतो, हे आम्हाला कळलं तेव्हा तिचा फक्त 'म' उरला होता. माझ्या फोनवर आजाराच्या आधीचा एक निरोप आहे, चौदा सेकंदांचा. "अगं, पान छप्पनवर 'आशीर्वाद'ला पहिली वेलांटी दिलीये त्यांनी, मी उद्या दाखवते तुला. झोप आता." एवढाच. 'ळ' त्यात कुठेच नाही.

संपादक महोदय, आपल्याला एक विनंती आहे. तक्त्याची स्वच्छ प्रत मी या पत्रासोबत जोडली आहे. जागा असेल तेव्हा तो एकदा छापावा, कापून पुठ्ठ्यावर चिकटवता येईल इतका मोठा. पक्षाघाताने वाचा गेलेल्यांना, घशात नळी असलेल्यांना, कुणालाही तो उपयोगी पडेल. डोळे आणि समज शाबूत हवी, आणि शेजारी ओळी म्हणणारं कुणीतरी. डॉक्टरांनाही विनंती, की अशा आजाराचं नाव सांगाल त्याच दिवशी असा तक्ताही हातात द्या. हात चालताहेत तोवर माणूस त्यात स्वतःच्या गरजेची घरं आखून घेईल. तिने 'काढून टाका'ची खूण घातली तशी. तक्त्यावर तिचं नाव घालू नये. तिला ते आवडलं नसतं.

आणि बातमीतली आणखी एक दुरुस्ती. 'त्यांच्या पश्चात भाऊ, भावजय व भाचे असा परिवार आहे' असं छापलं आहे. हेही आम्हीच दिलं होतं. शुद्धिपत्र देणार असाल, तर 'भावजय' या शब्दाआधी 'मैत्रीण' घालावं. त्यातल्या 'त्री'ला दुसरी वेलांटी.

आपली नम्र,
एक वाचक